आराखडा फाडू का ठेवू? न ठरवता कादंबरी लिहिणाऱ्यांनी जरा इकडं या

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी कोल्हापूरचाच. नोकरी आहे, दोन पोरं आहेत, पहाटे पाच ते साडेसहा एवढाच वेळ माझा स्वतःचा. गेले चौदा महिने त्या वेळात एक कादंबरी लिहायलोय, २०१९ च्या महापुरातली. सुरुवात केली तेव्हा डोक्यात फक्त एक चित्र होतं. चिखली-आंबेवाडीच्या अंगाचं एक गाव, सोप्यात कमरेएवढं पाणी, माळ्यावर एक म्हातारा बसलाय, दारात बोट आलीय, बोटीतली पोरं हाका मारायलीत आणि हा काही उतरत नाही. का उतरत नाही ते मला माहिती नव्हतं, आणि खरं सांगतो, तेच कळावं म्हणून मी लिहायला बसलो.

रोज कालचं शेवटचं पान वाचायचं आणि पुढं जायचं, एवढीच पद्धत. म्हाताऱ्याला नाव पण मी दिलं नाही, बोटीतल्या पोरानं त्याला आबा म्हणून हाक मारली आणि तेच राहिलं. चाळिसाव्या पानावर त्याची सून आली. कोल्हापुरात कॅम्पमध्ये पोरांना जावेपाशी ठेवून ही बाई एकटी परत गावाकडं निघाली, सगळं गाव बाहेर पडतंय आणि ही आत जायला बोट शोधतीय. मी शपथेवर सांगतो आदल्या दिवसापर्यंत मला सून आहे हेच ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात मी ऑफिसात पण तिचाच विचार करत होतो, स्टँडवरनं चालत घरी येताना ती पुढं कुणाला बोट मागेल ते डोक्यात चालायचं. असा आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

आता अडचण. १४० पानं झाली, सून बोटीत बसली, घराचं कौल दिसायला लागलं आणि मी थांबलो. एका मित्राला दाखवलं, तो एका लेखन कार्यशाळेला जाऊन आलेला, तो म्हणाला असं आंधळं लिहून कादंबरी पुरी होत नसते, आधी प्रकरणवार आराखडा कर. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कार्डशीट आणून अठ्ठावीस प्रकरणं लिहून काढली, कुठल्या प्रकरणात काय, शेवट काय, सगळं. बाविसाव्यात आबा जातात. सून त्यांना वाचवायला येते आणि उशीर होतो. वाचायला बरं वाटतं.

पण त्या दिवसापासनं आज दोन महिने झाले, एक ओळ झालेली नाही. पाचला उठतो, बसतो, भिंतीवरचा कागद बघतो, आणि हात चालत नाही. सगळं कळलंय मग लिहायचं कशासाठी, असं होतंय. तर मला मनापासून विचारायचंय की हा माझा आळस आहे, का माझी लिहायची रीतच वेगळी आहे? ज्यांनी न ठरवता लिहून कथा-कादंबरी खरोखर पुरी केली आहे त्यांनी सांगा. आराखडा फाडू का ठेवू?


दुधाळी_कट्टा | सोमवार, रात्री ११.१५

भावा वाचूनच अंगावर काटा आला. आम्ही त्या ऑगस्टमध्ये सहा दिवस दुसऱ्याच्या घरात होतो. मला लिहिण्यातलं काही कळत नाही, पण ती सून परत आत का निघाली ते मला आत्ता कळायला पाहिजे. एवढं वाटलं म्हंजे तू बरोबर लिहायलाईस.


तालमीतला | मंगळवार, सकाळी ६.२०

कथा लिहितो, तीनेक दिवाळी अंकांत आल्यात, कादंबरी नाही अजून. त्याआधी बावीस वर्षांचा होईपर्यंत तालमीत होतो म्हणून मला जे सुचतंय ते तिकडनंच सुचतंय.

वस्ताद आमच्याकडनं काय करून घ्यायचे? जोर, बैठका, सपाट्या, आणि एकच डाव दोनशे वेळा. ढाक मारायची, पट काढायचा, घिस्सा, परत परत, झोपेतनं उठवलं तरी अंगानं तो डाव केला पाहिजे. पण मैदानात उतरताना कुणी सांगितलं नाही की पहिल्या मिनिटाला हे कर आणि तिसऱ्याला ते कर. सांगताच येत नाही. समोरच्याच्या मानेवर हात पडला की त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हाताला कळतं, आणि मग डाव येतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात हजारो माणसं बसलेली असतात, १९१२ पासनं बसतायत, त्यांना एक गोष्ट लगेच कळती. कुस्ती खरी आहे का नुरा आहे. नुरा म्हंजे आधी ठरवून केलेली. पैलवान कितीही मोठे असूद्यात, डाव कितीही देखणे पडूद्यात, चितपट कोण होणार हे त्या दोघांना माहिती असलं की अंग खोटं बोलतं आणि कट्ट्यावरचा माणूस उठून जायला लागतो.

माझ्या ज्या कथा मी आधी पूर्ण ठरवून लिहिल्या त्या वाचताना मला हेच वाटलं. पात्रं चांगली बोलत होती पण शेवट त्यांना आधी माहिती होता.

तर माझं मत, तयारी भरपूर करा. माणूस माहिती पाहिजे, गाव माहिती पाहिजे, भाषा माहिती पाहिजे, पूर माहिती पाहिजे. निकाल तेवढा ठरवू नका.


नकाशा_हातात | मंगळवार, सकाळी ९.४०

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो, राग मानू नये.

मी न ठरवता तीन कादंबऱ्या सुरू केल्या. पहिली ९० पानं, दुसरी १६०, तिसरी २०० च्या वर. तिन्ही कपाटात आहेत. तिन्ही वेळेला सुरुवातीला असाच आनंद होता जसा तुम्ही सांगताय, पात्रं आपोआप यायची, आपोआप बोलायची, आणि मग दीडशे पानांवर माझ्या लक्षात यायचं की सगळे नुसते येऊन बसलेत, कुणालाच काही पाहिजे नाही. पाहुणे जमलेत आणि कार्य कुणाचं ते माहिती नाही अशी गत. त्या तीन कादंबऱ्यांत माझी सात वर्षं गेली, तिसरी बंद केली त्या वर्षी मी लिहिणंच सोडणार होतो.

चौथी रहस्यकथा होती, ती आराखडा करून लिहिली आणि ती पूर्ण झाली, छापून आली. खून कुणी केला हे लेखकाला माहिती नसेल तर पहिल्या प्रकरणात धागेदोरे पेरणार कसे? अगाथा ख्रिस्तीच्या ७३ वह्या सापडल्यात, सगळी जुळवाजुळव त्यात केलेली आहे. आणि उलट्या बाजूचं उदाहरण पाहिजे असेल तर गेम ऑफ थ्रोन्सवाले जॉर्ज मार्टिन बघा. लेखक दोन जातीचे, एक घर बांधणारे आणि एक बाग लावणारे, ही विभागणी त्यांनीच लोकप्रिय केली आणि स्वतःला ते माळी म्हणवतात. त्यांच्या मालिकेचं पाचवं पुस्तक २०११ ला आलं. सहाव्याची वाट जग अजून बघतंय.

तेव्हा पंचगंगाकाठ, कागद फाडण्याआधी दहा वेळा विचार करा. तुमची कादंबरी पुरी झालेली बघायची आहे म्हणूनच सांगतोय.


मास्तर_महाद्वार | मंगळवार, दुपारी ४.०५

निवृत्त शिक्षक आहे, आयुष्यभर मुलांना निबंधाचे मुद्दे आधी काढायला लावले, त्यामुळे या प्रश्नावर मी बराच विचार केलेला आहे. दुपारी करवीर नगर वाचन मंदिरात बसतो, (१८५० सालची संस्था आहे, नवीन पिढीनं जरूर पायरी चढावी), तिथंच हे लिहितोय.

नकाशा यांनी ख्रिस्तीबाईंच्या वह्यांचा दाखला दिला तो बरोबर आहे, पण त्या वह्यांत काय आहे तेही सांगायला हवं. त्यात स्वच्छ आराखडे कमी आणि चाचपडणं जास्त आहे. खुनी हा असला तर? नको, ती असली तर? असे पर्याय अ, ब, क करून एकाखाली एक मांडलेले आहेत. म्हणजे बाईंनाही सुरुवातीला उत्तर माहिती नसायचं. त्यांचा शोध वहीत व्हायचा, आपल्या मित्राचा पानावर होतो. शोध कुणाला चुकलेला नाही, तो कुठं करायचा एवढाच फरक.

दुसरं उदाहरण टॉल्किन यांचं. १९३७ च्या डिसेंबरात त्यांनी लॉर्ड ऑफ द रिंग्ज सुरू केली तेव्हा पुढं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. खानावळीच्या कोपऱ्यात एक अनोळखी प्रवासी बसलेला आहे असं त्यांनी लिहिलं, आणि तो कोण हे आपल्याला मुळीच माहिती नव्हतं असं त्यांनी १९५५ साली कवी ऑडन यांना पत्रात कळवलेलं आहे. पहिल्या खर्ड्यात तो माणूस चक्क लाकडी बूट घालणारा एक बुटका हॉबिट होता, नाव ट्रॉटर. पुढं लिहिता लिहिता तोच राजवंशाचा वारस निघाला. आता हे ऐकायला फार गोड वाटतं, पण याची किंमत बघा. हे कळल्यावर त्यांना मागची प्रकरणं परत लिहावी लागली, एकदा नाही, अनेकदा. पुस्तक आलं १९५४-५५ ला. न ठरवता लिहिणाऱ्याची मेहनत कमी नसते, ती नंतर करावी लागते.

आपल्याकडं हरिभाऊ आपट्यांना ही सोयसुद्धा नव्हती. १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि कादंबऱ्या त्यात क्रमशः छापल्या. छापून गेलेला अंक परत बोलावता येत नाही. तुमच्या हातात १४० पानं आहेत, एकही छापलेलं नाही, हे केवढं सुख आहे बघा.

माझा सल्ला असा की पुढचा आराखडा करू नका, मागचा करा. जे लिहून झालंय त्यातला एकेक प्रसंग एकेका चिठ्ठीवर उतरवा आणि प्रत्येक चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहा: या प्रसंगात कुणाला काय हवं होतं, आणि प्रसंग संपताना काय बदललं. दुसरी ओळ कोरी राहिली तर तो प्रसंग नुसता बसलेला पाहुणा आहे. नकाशा ज्या दुखण्याबद्दल बोलतायत ते तिथं दिसेल, आणि दीडशे पानं पुढं जायच्या आत दिसेल.


पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

सर, तालमीतला, नकाशा, सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

नकाशा, तुमचा राग कशाला येईल, उलट ती सात वर्षं वाचून मला रात्री भीती वाटली, कारण माझं पण तेच व्हायला लागलंय का असं वाटतंय. पण एक फरक सांगतो. माझ्या सुनेला नक्की काहीतरी पाहिजे आहे. काय ते मला माहिती नाही पण तिला पाहिजे आहे एवढं नक्की, नाहीतर ती पोरांना सोडून निघाली नसती. आराखड्यात मी लिहिलं की ती आबांना वाचवायला येते, आणि ते लिहिल्यापासनं ती मला खोटी वाटायला लागलीय. तालमीतला म्हणतोय ते नुरा, तसंच.

सरांनी सांगितल्या तशा चिठ्ठ्या उद्यापासनं करतो.


फायनल_इयर_केआयटी_नाही | बुधवार, सकाळी ११.००

मध्येच विचारतेय सॉरी, मी कॉलेजला आहे, कथा लिहायचा प्रयत्न करते. मला एकच भीती आहे. न ठरवता लिहिलं आणि नंतर कळलं की निम्मं फेकायचंय, तर ती पानं फुकट गेली ना? माझी मागच्या महिन्यात तीस पानं गेली, मी दोन दिवस रडत होते. आधी ठरवलं असतं तर ती वाचली असती असं सारखं वाटतं.


काकवी | बुधवार, दुपारी २.४५

आधी या मुलीला उत्तर देते, मग मूळ धाग्याकडं वळते.

माझ्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं, करवीर तालुक्यात. लहानपणापासनं हंगामात आम्ही तिथंच असायचो. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, ओतला ना की तो दिसायला साधारण स्वच्छच दिसतो. मळी त्यात आधीपासनंच असते पण दिसत नाही. खाली चुलवाणात चिपाड पेटलं, भेंडीचं पाणी पडलं, ताव लागला, की मग ती वर यायला लागते, काळपट हिरवा जाड थर, आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा माणूस, झारा घेऊन ती काढत बसतो. किती तरी निघते. लहानपणी मला वाटायचं एवढा रस वाया चाललाय. वडील म्हणायचे, बाळ, ताव दिल्याशिवाय ती वर येत नाही आणि ती वर आल्याशिवाय गूळ पिवळा होत नाही. तुझी तीस पानं तशी गेलीत. लिहिल्याशिवाय ती नको होती हे तुला कळलंच नसतं. आराखडा म्हणजे थंड रस, त्यात मळी दिसत नाही गं. रडू नकोस. रडलीस तरी चालेल, पण पुढं लिही.

आणि गुळव्याबद्दल अजून एक. काकवी साधारण १०५ अंशाला काढतात आणि गूळ ११८-१२० च्या आसपास उतरवतात, हे आता थर्मामीटरनं कुणीही सांगेल. पण आमच्या गुळव्याकडं ना घड्याळ होतं ना थर्मामीटर. उकळता पाक थोडा गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची, आणि ती आपटून आवाज ऐकायचा. त्या आवाजावर शे-दोनशे किलोची काहील उतरायची. अर्धा मिनिट उशीर झाला तर माल गेला. त्यानं काही ठरवलेलं नव्हतं असं म्हणणं चुकीचं होईल, पण त्याचं ठरवणं काहिलीशेजारी उभं राहून व्हायचं, घरी बसून नाही.

मी स्वतः दोन कादंबऱ्या अशाच लिहिल्यात, दोन्ही पूर्ण झाल्यात, पहिलीला सहा वर्षं लागली. आराखडा केला नाही. पण एक वही कायम शेजारी असायची त्यात फक्त झालेल्या गोष्टी: कुणाचं वय काय, कुणाच्या घराचं तोंड कुठं, कोण कुणाशी कधीपासनं बोलत नाही. पुढं काय होणार याची एक ओळ त्या वहीत मी कधी लिहिली नाही.

पंचगंगाकाठ, तुमचा अडलेला भाग बघायला आवडेल. अगदी अडलेलं पान नको, सुरुवातीचं एखादं द्या. माझा अनुभव असा की पुढं वाट दिसेना झाली की ती बऱ्याचदा मागं कुठंतरी आपणच टाकून ठेवलेली असते.


नकाशा_हातात | बुधवार, सायंकाळी ७.१०

काकवीताई, हे छान सांगितलंत. मी माझ्या मतावरनं हललेलो नाही, पण एक मधला मार्ग सुचतोय आणि तो या कादंबरीपुरता तरी उपयोगी पडेल असं वाटतं.

ही पुराची कादंबरी आहे. म्हणजे यातला एक भाग कुणी शोधायचा नाहीच आहे, तो घडून गेलाय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यातला एकेक उघडल्याची बातमी आली की आपल्या सगळ्यांच्या घरात बोलणं बदलतं. शिरोलीजवळ हायवे बंद झाला, पाण्यात वेढलेल्या शहराला नळाचं पाणी नव्हतं कारण उपसा केंद्रंच बुडाली होती, पेट्रोल नाही, दूध नाही. या सगळ्याला तारखा आहेत. त्या काळातली वर्तमानपत्रं काढा आणि एक तक्ता करा, फक्त पाण्याचा. कुठल्या दिवशी पाणी किती, कुठला रस्ता चालू, कुठला बंद. माणसांचा एक शब्द त्यात लिहू नका.

तुमची सून रस्त्यानं आली का बोटीनं, तिला किती तास लागले, आबाच्या माळ्याला पाणी कधी लागेल हे तो तक्ता सांगेल. ती का आली ते नाही सांगणार. ते तुम्ही शोधा.


तालमीतला | बुधवार, सायंकाळी ७.३०

नकाशाभाऊ एक नंबर. आखाडा मोजून घ्यायचा, माती मळून घ्यायची, कुस्ती मोकळी सोडायची. हे मला पण पाहिजे होतं.


पंचगंगाकाठ | गुरुवार, पहाटे ५.५०

आज दोन महिन्यांनी या वेळेला टाईप करतोय हेच मोठं आहे.

तक्त्याची कल्पना फार आवडली. काल रात्री आराखड्याचा कागद भिंतीवरनं उतरवला. फाडला नाही, गुंडाळून कपाटावर टाकलाय. तिथं आता पाण्याचा तक्ता लावणार.

काकवीताई, तुम्ही मागितलं म्हणून दुसऱ्या प्रकरणातला तुकडा देतोय. पहिल्या रात्रीचा आहे, बोट यायच्या आदल्या रात्रीचा:

"आबांनी कंदील वर ओढून घेतला आणि शिडी तशीच राहू दिली. खाली सोप्यात पाणी हळूच फिरत होतं, घरात नवीन आलेल्या माणसासारखं, एकेक वस्तूला हात लावून बघत. पाट तरंगून दाराशी गेला आणि परत आला. सरकलेल्या कौलातनं गोठ्याची बाजू दिसत होती. गव्हाणीच्या काठाला पाणी लागलं होतं. खुंट्याचं दावं तेवढं पाण्यावर पसरून हलत होतं. आबांनी तिकडं बराच वेळ बघितलं. मग तंबाखूची पिशवी काढली, ती ओली झाली नव्हती याचं त्यांना बरं वाटलं."

आणि बोटीतली पोरं येतात तेव्हा आबा त्यांना सांगतात, "माझ्या दोन म्हशी बांधल्यात, त्यांना टाकून मी येत नाही." त्यावरच सगळा भाग उभा आहे. बोटीत माणसं घेतात, जनावरं नाही, म्हणून ते उतरत नाहीत. आराखड्यात पण तेच कारण लिहिलं होतं.


काकवी | गुरुवार, सकाळी १०.२०

दोनदा वाचलं. तंबाखूच्या पिशवीचं वाक्य फार आवडलं.

एक विचारते. म्हशी बांधल्यात म्हणतात, मग आदल्या रात्री दावं पाण्यावर पसरून हलतंय कसं? दाव्याला म्हैस असती तर ते ताणलेलं असतं. आणि आबा तिकडं बराच वेळ बघतात पण म्हशींचा आवाज नाही, हंबरणं नाही, काही नाही. गोठा रिकामा आहे.


पंचगंगाकाठ | गुरुवार, दुपारी १.१५

ताई ती चूक आहे. चिठ्ठ्या करताना काल माझ्या पण लक्षात आलं होतं. दुसरं प्रकरण लिहिताना म्हशींचं काही ठरलेलंच नव्हतं, नुसतं दावं लिहिलं गेलं. ते वाक्य काढून टाकणार आहे.


काकवी | गुरुवार, दुपारी १.२५

काढू नका. हात जोडून सांगते, आजच्या दिवस तरी काढू नका.

चूक तुमची आहे असं तुम्ही धरलंय. थोडा वेळ असं धरा की वाक्य खरं आहे आणि आबा बोटीतल्या पोरांशी खोटं बोलतायत. मग विचारा त्यांना, का म्हणून.


मास्तर_महाद्वार | गुरुवार, दुपारी ४.३०

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. खानावळीच्या कोपऱ्यातला लाकडी बुटांचा प्रवासी तो हाच. टॉल्किननीही त्याला चूक म्हणून काढलं नाही.


फायनल_इयर_केआयटी_नाही | गुरुवार, सायंकाळी ६.००

मला श्वास रोखून वाचल्यासारखं झालंय. प्लीज सांगा पुढं काय झालं ते. काकवीताई, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. गेलेल्या तीस पानांतला एक माणूस मला परत आठवायला लागलाय.


दुधाळी_कट्टा | गुरुवार, रात्री ९.४०

एक सांगतो, उपयोगी पडलं तर बघ भावा. आमच्या पाहुण्यांनी त्या वेळी चिखलीकडं जनावरं सोडून दिली होती. दावं कापायचं आणि नशिबावर सोडायचं. म्हैस पोहती, लांब जाऊन उंचावर उभी राहती. बांधून ठेवली तर मात्र जागेवर मरती. पण ज्यांनी सोडली ना त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. आमचे पाहुणे वर्षभर कुणाला सांगायचे नाहीत की मी स्वतः सोडली, वाहून गेली म्हणायचे.


पंचगंगाकाठ | रविवार, सकाळी ७.०५

मंडळी, तीन दिवस गप्प होतो कारण लिहायलो होतो. शुक्रवारी चारलाच जाग आली. आज रविवार म्हणून थेट सातपर्यंत बसलो. सतरा पानं झाली.

दुधाळीभाऊ, तू जे लिहिलंस ते वाचून मी रात्री जेवताना ताट तसंच ठेवून उठलो, बायको काळजीत पडली. आबांनी पहिल्या रात्रीच म्हशी सोडल्या. कुणाला सांगितलं नाही. सकाळी बोट आली तेव्हा म्हशी बांधल्यात म्हणाले कारण सोडल्या म्हणायची ताकद नव्हती. उतरून गेलं की कुणीतरी विचारणारच. माळ्यावर बसून ते रात्रभर कान लावून बसतात, हंबरल्याचा आवाज येतोय का बघत. दुसऱ्या प्रकरणात ते गोठ्याकडं बराच वेळ बघतात ते मी चौदा महिन्यांपूर्वी लिहिलंय आणि मला गुरुवारी कळलं ते काय बघत होते.

आणि मग सून कळली. हे शनिवारी पहाटे झालं, मी चिठ्ठ्या चाळत होतो, तिच्या एका चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, "बोटवाल्याला पैसे द्यायला पिशवी उघडते, पासबुक कोरडं आहे का बघते." ते पासबुक मी असंच दिलं होतं तिच्या हातात. ते बचत गटाचं आहे. म्हशी तिच्या आहेत. गटातनं कर्ज काढून घेतल्यात, सोळा हप्ते राहिलेत. ती आबांना वाचवायला येतच नव्हती. आबा कुणीतरी आणतील बोटीतनं असंच तिला वाटत होतं. ती म्हशींसाठी निघालीय, आणि हे तिनं कॅम्पमध्ये जावेला सुद्धा सांगितलं नाही, कारण माणसं बुडायलीत तिथं जनावरांचं नाव कसं काढायचं. म्हणून ती मला आराखड्यात खोटी वाटत होती. मीच तिच्या तोंडात चांगलं कारण घातलं होतं.

नकाशा, तुमच्या तक्त्यामुळं अजून एक कळलं. ती ज्या दिवशी बोटीत बसते त्या दिवसाचं पाणी बघितलं तर आबांच्या माळ्याला अजून एक हात बाकी राहतोय. म्हणजे दोघांना बोलायला वेळ आहे. आराखड्यात मी आबांना त्याच संध्याकाळी मारलं होतं. आता ते मरतील का नाही मला माहिती नाही.

सर, मागचं बरंच परत लिहावं लागणार आहे, बोटीतल्या पोरांचा सगळा भाग, कॅम्पचा भाग, जावेशी बोलणं. पाच-सहा महिने जातील. मोजून बघितलं आणि वाईट वाटलं नाही.

आज जिथं थांबलोय ते सांगतो आणि चहाला उठतो. बोट दाराला लागलीय. आबांनी माळ्यावरनं तिला बघितलंय आणि पहिल्यांदाच शिडीवर पाय ठेवलाय. ती अजून गोठ्याकडं वळलेली नाही.

उद्या पहाटे वळेल.